कोरोनात गेलेल्यांची नावं कुठं लिहून ठेवलीयत?

आपल्या देशात कोरोनात गेलेल्या माणसांसाठी वर्षातला एकही दिवस नाही. सरकारी आकडा साधारण ५ लाख ३३ हजारांचा आहे, म्हणजे सरकारनं स्वतः मान्य केलेलीच एवढी माणसं, आणि तरी एक तारीख नाही, सुट्टी सोडा, दोन मिनिटं भोंगा वाजवून उभं राहायची पण पद्धत नाही, आपल्या गावात एक भिंत नाही, एक दगड नाही, आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की कुठं नावांची यादी नाही. मला हे बरोबर वाटत नाही, आणि मी हे सोलापूरला धरून लिहितेय कारण मी इथली आहे आणि मनापासून वाटतं की हे काम एखादं गाव सुरू करू शकत असेल तर ते आपलं गाव आहे.

का ते सांगते. सोलापूरला आठवण ठेवता येते. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गडबड सुरू झालेली असते, घरोघर पाहुणे, नंदीध्वजांची तयारी, आणि त्याच दिवसांत १२ जानेवारीला लोक चार पुतळ्यापाशी जातात, हार घालतात. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, ही चार नावं सोलापुरातलं शाळकरी पोरगं पण सांगतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी दिली, म्हणजे नव्वदच्या वर वर्षं झाली, आणि तरी नावं तोंडावर आहेत. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी, आणि गावानं चौघांना एका चौकात उभं केलं. ह्याचा मला अभिमान आहे.

पण त्याच गोष्टीत जरा मागं जाऊन बघा. गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली, सोलापूर पेटलं, लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले, ८ मे ला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शंकर शिवदारे त्या गोळीबारात पडले, त्यांचं नाव निदान इतिहास वाचणाऱ्यांना माहीत आहे. पुढं १२ मे पासून मार्शल लॉ लागला. पण त्या गोळीबारात आणखीही माणसं गेली, त्यांची नावं आज मंगळवार बाजारात उभं राहून विचारा, कुणाला सांगता येणार नाहीत. फाशी गेलेल्यांचा खटला चालला म्हणून कागद राहिले, कागदावर नावं राहिली, रस्त्यावर पडलेल्यांचा खटला कुठं चालतो, त्यांचं नाव त्यांच्या घरात राहिलं आणि घरातली म्हातारी माणसं गेली तसं ते पण गेलं.

आपल्या जिल्ह्यात कुठल्याही जुन्या गावात जा, मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळापाशी एखादी वीरगळ दिसते, कधी उभी, कधी आडवी पडलेली. खालच्या खणात मरून पडलेला माणूस, त्याच्या वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय आणि टोकाला चंद्र-सूर्य कोरलेत. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर ह्याची आठवण राहू दे असं त्या लोकांचं म्हणणं होतं, त्यासाठी दगड आणला, पाथरवटाला पैसे दिले. आज त्या दगडाला शेंदूर आहे, अमावस्येला नारळ पण फुटतो, पण तो माणूस कोण होता हे गावात एकालाही सांगता येत नाही, कारण बहुतेक वीरगळांवर नावच कोरलेलं नाही. इच्छा होती, खर्च पण केला, नाव तेवढं लिहायचं राहिलं, आणि माणूस पुसला गेला.

आता १९१८ ची मानमोडी घ्या. जगभर पसरलेला तो इन्फ्लुएंझा, त्याला आपल्याकडं मानमोडी म्हणायचे. हिंदुस्थानात तेव्हा किती माणसं गेली ह्याचे अंदाज सव्वाएक कोटीपासून सुरू होतात आणि पुढं जातात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, विसाव्या शतकात असं एकदाच झालं. एवढी माणसं गेली आणि मानमोडीचं स्मारक तुम्ही कुठं बघितलंय का सांगा. मी तरी नाही बघितलं. गाणं नाही, तिथी नाही, घराघरात सांगायची गोष्ट नाही. आणि ह्याची किंमत आपण मोजली असं माझं ठाम मत आहे. १९१८ ला पहिली लाट येऊन गेली, लोकांना वाटलं संपलं, आणि मग पावसाळ्यानंतर दुसरी लाट आली ती पहिलीपेक्षा किती तरी पट भयंकर होती, बहुतेक माणसं तेव्हा गेली. हे जर आपल्या घरात पणजीच्या तोंडून चालत आलेलं असतं, दरवर्षी एका दिवशी कुणी ते बोलून दाखवत असतं, तर २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा मोठमोठी माणसं आपण कोरोनाला हरवलं म्हणून सांगत होती, लग्नं लागत होती, सभा भरत होत्या, तेव्हा कुणीतरी उठून म्हणालं असतं की थांबा, मानमोडीत असंच झालतं. असं म्हणणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून स्मारक ही नुसती भावनेची गोष्ट आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

एक मान्य करू या की आपल्याला दुःख करता येत नाही असं अजिबात नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारलं, त्यात आपल्या राज्यातले ६ जण होते, गावोगाव लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले, आणि ते बरोबरच होतं. पण तिथं समोर मारणारा होता. जिथं मारणाऱ्याला तोंड असतं तिथं आपलं दुःख लगेच बाहेर येतं, घोषणा सुचतात. कोरोनाला तोंड नव्हतं. भूकंपाला नसतं. मग राग कुणावर काढायचा कळत नाही, आणि जिथं राग काढायची सोय नाही तिथलं दुःख आपण आपापल्या घरात कोंडून घेतो, भिंतीवर फोटो लावतो, हार घालतो, संपलं. आणि कोरोनात तर प्रत्येक घर आपापलं वेगळं रडलं, कारण दारात यायलाच बंदी होती.

२६ नोव्हेंबरचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. सोलापूरकरांना ती तारीख म्हटली की पहिल्यांदा कामटे साहेब आठवतात. अशोक कामटे आपल्याकडं पोलीस आयुक्त होते, त्यांच्या धडाक्याच्या गोष्टी लोक आजही सांगतात, आणि २००८ ला त्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या रंगभवनच्या गल्लीत करकरे, साळसकर आणि ते गेले. पुढच्या २६ जानेवारीला अशोकचक्र मिळालं. त्यांची आठवण सोलापूर ठेवतं ते योग्यच आहे. पण त्याच रात्री सीएसटीच्या मेल-एक्सप्रेसच्या हॉलमध्ये पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यांचं काय. आपली सिद्धेश्वर एक्सप्रेस त्याच स्टेशनातून रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमाराला सुटते, आणि हल्ला सुरू झाला तेव्हा दहा पण वाजले नव्हते. ज्यांनी सिद्धेश्वरनं प्रवास केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, त्या वेळेला आपण नेमके तिथंच असतो, फरशीवर पेपर अंथरून, पिशव्या मांडीशी घेऊन, पोरांना थापटत. तिथं बसलेली माणसं कोणत्याही गावची असोत, ती आपल्यासारखीच गावाकडं निघालेली माणसं होती. एकूण १६६ जण गेले त्या हल्ल्यात. आपल्याला त्यातली किती नावं येतात? अधिकाऱ्यांची येतात, तुकाराम ओंबळेंचं येतं, यायलाच पाहिजे, त्यानंतर आपण गप्प होतो.

आणि कामटे साहेबांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. विनीता कामटे ह्यांनी नुसता फोटोला हार घालून विषय मिटवला नाही. त्यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमचे त्या रात्रीचे कॉल रेकॉर्ड मागवले, मदत कधी मागितली होती, ती का पोचली नाही, माझा नवरा त्या गल्लीत नेमका कशासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून गेला, असले प्रश्न त्यांनी उघड विचारले. काहींना ते आवडलं नाही. वीरपत्नीनं पदक घ्यावं आणि शांत राहावं अशी आपली अपेक्षा असते, पण मला विचाराल तर त्या माणसाला दिलेली सगळ्यात खरी श्रद्धांजली तीच आहे. माणूस कसा गेला हे शोधून काढणं आणि ते लिहून ठेवणं ह्याच्याइतका मान दुसऱ्या कशात नाही.

किल्लारीच्या भूकंपाच्या बाबतीत आपण हे अर्धवट केलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. सोलापूर पण हललं होतं, लोक लेकरं घेऊन रस्त्यावर आले होते, आणि नंतर जखमींना घेऊन गाड्या आपल्या सिव्हिलला येत राहिल्या, त्या दिवसांत तिथं धावलेली माणसं अजून गावात आहेत. तिथं आज दर ३० सप्टेंबरला श्रद्धांजली वाहिली जाते. पण माणसं कशानं मेली? दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं, ते झोपेत अंगावर आलं. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं घर. मग दर ३० सप्टेंबरला फुलं वाहून झाल्यावर, आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या गावठाणात अजून किती कुटुंबं माळवदाखाली झोपतात ह्याची मोजणी का होत नाही? त्या दिवशी ग्रामसभा घ्या, प्रत्येक जुन्या घराच्या भिंती बघा. मोठा पाऊस लागला की माळवद बसून माणूस दगावल्याची बातमी आजही येते. त्या आठ हजारांची आठवण म्हणजे ह्या भिंती बघणं.

आता माझ्या घरातलं थोडं सांगते, कारण मी हे कुठून बोलतेय ते कळलं पाहिजे. माझे मामा मे २०२१ मध्ये गेले. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस, चादरीची घडी हातात घेतली की वजन सांगायचे. बेडसाठी दोन दिवस फिरलो, ज्या हॉस्पिटलात शेवटी जागा मिळाली तिथं ऑक्सिजन किती वेळ पुरेल हे कुणी सांगत नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. घरच्या दोघांनाच लांबून बघू दिलं. पिशवीवर मार्कर पेननं एक नंबर लिहिला होता. दहावा झाला नाही, कावळ्याला घास ठेवायला पण चार माणसं जमली नाहीत, ज्या माणसाच्या वरातीत अख्खी पेठ नाचलेली. आणि पुढचं ऐका, मामांचा आरटीपीसीआरचा रिपोर्ट कधी हातात आलाच नाही, छातीचं स्कॅनिंग होतं, आणि हॉस्पिटलच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलं. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ५० हजारांची मदत जाहीर झाली तेव्हा मामी कागद घेऊन फिरली, हा कागद आणा, तो आणा, शेवटी तिनं नाद सोडला. पैशाचं एवढं नाही. तिचं म्हणणं आहे की मग हे गेले कशानं ते तरी लिहून द्या.

आणि ते लिहून मिळत नाही, ह्याला एक साधं कारण आहे जे खूप लोकांना माहीत नाही. आपण महापालिकेतून जो मृत्यूचा दाखला आणतो त्यावर मृत्यूचं कारण नसतं, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच तसं आहे की दाखल्यावर कारण उघड करायचं नाही. हेतू चांगला असेल, कुणाचा आजार चव्हाट्यावर येऊ नये हा. पण कोरोनात त्याचा परिणाम असा झाला की लाखो घरांत कपाटात जो कागद आहे त्यावर नाव आहे, तारीख आहे, पत्ता आहे, आणि हा माणूस एका देशव्यापी संकटात गेला ह्याची एक ओळ नाही. उद्या मामांच्या पणतूनं तो कागद काढला तर त्याला काय कळणार? वय झालं होतं, गेले.

आकड्यांचं भांडण मोठं आहे. नोंदणी खात्याचीच आकडेवारी सांगते की देशात २०१९ ला ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० ला ८१ लाख, आणि २०२१ ला १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी, आणि हे आकडे आपल्यापुढं आले मे २०२५ ला. वाढलेले सगळे कोरोनाचेच असं मी म्हणत नाही, नोंदणी सुधारली असेल, काही माणसं डायलिसिस न मिळाल्यानं, गाडी न मिळाल्यानं गेली असतील. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले असा अंदाज दिला, तो आपल्या सरकारनं फेटाळला. जुलै २०२१ ला संसदेत उत्तर आलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी कळवलेली नाही. त्याच एप्रिलमध्ये नाशिकला हॉस्पिटलच्या टाकीतून ऑक्सिजन गळून वीसहून जास्त पेशंट गेले होते, ते तर अपघात म्हणून वेगळे धरले, पण घरी सिलिंडरच्या रांगेतून रिकाम्या हातानं परत आलेल्यांना विचारा की त्या उत्तरानं काय वाटलं असेल. आणि त्याच्याही आधी, ८ मे २०२० ला, औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, पायी गावाला निघालेले, आणि लॉकडाऊनमध्ये असे किती मजूर वाटेत गेले ह्याचा आकडाच आमच्याकडं नाही असं उत्तर सरकारनं संसदेत दिलं.

माझं म्हणणं इथंच येऊन थांबतं. दिल्लीत आकड्यावर एकमत होणार नाही, त्याची घाई पण नाही, तज्ज्ञ भांडू देत. पण नावांची यादी दिल्लीत होतच नाही, ती पेठेत होते. साखर पेठेत कोण गेलं ते साखर पेठेला माहीत आहे. अशोक चौकात, विजापूर वेशीत, जुळे सोलापुरात, शास्त्रीनगरात, प्रत्येक गल्लीत एक बाई असते जिला सगळं ठाऊक असतं, कुणाच्या घरात त्या महिन्यात किती जण गेले, कोण दवाखान्यात, कोण घरातच, कुणाचा रिपोर्ट आला नाही. एप्रिल २०२० ला सोलापुरात पहिला रुग्ण कळला तो मुळात त्याच्या मृत्यूनंतर, आणि त्या उन्हाळ्यात आपल्या शहराच्या मृत्युदराची राज्यभर चर्चा होती. ती बाई अजून जिवंत आहे. आत्ता विचारलं तर सांगेल. आणखी वीस वर्षांनी विचारायचं म्हटलं तर वीरगळीपुढं उभं राहिल्यासारखं होईल.

ह्यावर लोक काय म्हणतात ते मी ऐकलंय. एवढी वर्षं झाली, आता कशाला उकरून काढता, माणसं सावरलीत. ह्याचं मला आश्चर्य वाटतं, कारण हेच लोक पितृपक्षात पणजोबांना पान वाढतात. आपल्याकडं तर ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या आहे, म्हणजे आपल्या पूर्वजांनी विचार केला होता की काही माणसं अशी जातात की कधी गेली तेच कळत नाही, त्यांना पण घास मिळाला पाहिजे. मुसलमान घरांत शबे बरातला कब्रस्तानात जाऊन दुवा मागतात, वर्षानुवर्षं आधी गेलेल्यांसाठी. उकरून काढणं ह्याला कुणी म्हणत नाही. माणसं सावरलीत हे पण खरं नाही, ती बोलायची थांबलीत. ज्यांना शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही त्यांचं रडणं अजून झालेलंच नाही.

दुसरं म्हणतात की राजकारण होईल. होईल, त्यासाठी सोपा नियम करा, ह्या कामात जिवंत माणसाचा फोटो लावायचा नाही. आपल्या चौकातले भावपूर्ण श्रद्धांजलीचे बॅनर बघा, गेलेल्याचा फोटो एका बाजूला आणि श्रद्धांजली देणाऱ्यांचे चेहरे तीस-चाळीस. ज्याच्या घरात माणूस गेलाय त्याला ते बघून काय होतं हे बॅनर लावणाऱ्या पोरांनी एकदा त्या घरात जाऊन बसून बघावं. पोरं वाईट नाहीत, कोरोनात हीच पोरं डबे पोचवत होती, सिलिंडर खांद्यावर टाकून पळत होती, म्हणून तर मला वाटतं की सांगितलं तर ऐकतील.

तिसरा मुद्दा अवघड आहे आणि त्यावर मी बराच विचार केलाय. काही जण म्हणतात सगळ्यांना योद्धा म्हणा, बलिदान म्हणा, मोठं स्मारक बांधा. मला हे नको आहे. ड्युटीवर असताना गेलेले डॉक्टर, नर्स, सफाई कामगार, पोलीस, स्मशानभूमीत रात्रंदिवस उभे राहिलेले महापालिकेचे लोक, त्यांनी धोका माहीत असून काम केलं, त्यांचा मान वेगळा आणि तो ठेवलाच पाहिजे. पण माझ्या मामांनी देशासाठी प्राण दिला नाही. त्यांना जगायचं होतं. त्यांना बेड पाहिजे होता. त्यांच्या मरणाला बलिदान म्हटलं की कुणी घेतलं ते बलिदान हा प्रश्न कुणी विचारत नाही, बेड का नव्हता हा पण विचारत नाही. साध्या माणसाचा मान ठेवायला त्याला हुतात्मा करायची काही गरज नाही, तो होता आणि गेला आणि जायला नको होता, एवढं पुरेसं आहे.

पैशाचं म्हणाल तर काही लागत नाही. लंडनला थेम्स नदीच्या काठी, त्यांच्या संसदेच्या बरोबर समोर, एक लांब भिंत आहे, २०२१ च्या मार्चमध्ये ज्यांची माणसं गेली त्या लोकांनी तिथं जाऊन लाल रंगानं हातानं बदाम काढायला सुरुवात केली, एका माणसाला एक, आणि आत घरच्यांनी नाव लिहायचं. सरकारची वाट बघितली नाही. आता ते बदाम दोन लाखांच्या वर गेलेत, रंग उडाला की स्वयंसेवक येऊन परत भरतात. भोपाळला पण १९८४ च्या वायूकांडानंतर आपली आठवण जपायला म्युझियम उभं केलं ते वाचलेल्यांनी, २०१४ ला. हे सगळीकडं असंच झालंय, ज्यांचं गेलं त्यांनीच सुरुवात केली.

आणि नमुना शोधायला लंडनला पण जायला नको. पोलिसांकडं एक पद्धत आहे जी मला फार आवडते. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैनिकांच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान गेले, त्यांच्या आठवणीत २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात, आणि वर्षभरात कामावर असताना गेलेल्या पोलिसांची नावं परेडमध्ये वाचून दाखवतात. पुढाऱ्याचं भाषण त्यापुढं कुणाला आठवत नाही. आपल्या ओळखीच्या नसलेल्या माणसाचं नाव उन्हात उभं राहून ऐकावं लागतं, ते ऐकताना आकडा म्हणजे काय हे कळतं.

तर आपण वही काढू या. प्रत्येक पेठेत एक, वाचनालयात नाहीतर तालमीत नाहीतर समाज मंदिरात ठेवलेली, जाड बांधणीची वही. घरचे येऊन सांगतील ते नाव, ज्यांना नको त्यांच्यावर जबरदस्ती नाही, काही घरांना अजून भीती वाटते हे मला माहीत आहे. नाव, वय, काम काय करायचे, कुठल्या गल्लीत राहायचे, तारीख. विडी वळणाऱ्या असतील तर विडी वळायच्या असं लिहा, गृहिणी म्हणून मोकळे होऊ नका. कुठं गेले ते लिहा, हॉस्पिटलात, घरात, रिक्षात. रिपोर्ट असो नसो, घरचं म्हणणं ग्राह्य, ही कोर्टाची यादी नाही आणि ह्यावरून कुणाला पैसे मिळणार नाहीत. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळ्या वह्या एका ठिकाणी आणायच्या आणि वाचायच्या, ज्या पेठेची त्या पेठेच्या माणसानं, तेलुगू नाव तेलुगू वळणानं, कन्नड नाव कन्नड वळणानं, उर्दू नाव नीट उच्चारून, नगरच्या बाजूनं इथं कामाला आलेल्या आणि इथंच वारलेल्याचं पण, ज्याच्या घरचं इथं कुणी नाही त्याचं तर आधी. दिवसभर लागेल, लागू दे. महापालिकेनं आपल्याकडची नोंद उघडून मदत केली तर उत्तम, नाही केली तरी काम थांबत नाही.

फक्त एका रकान्यावर मी हटून बसणार आहे. शेवटचा रकाना, काय मिळालं नाही. बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन, गाडी, पैसे, लस, किंवा सगळं मिळालं तरी गेले, जे असेल ते. ह्या रकान्यावर भांडण होणार, मला आत्ताच काही जणांनी सांगितलंय की तेवढा काढा म्हणजे कुणी दुखावणार नाही आणि हॉलही फुकट मिळेल. नाही काढायचा. पुढची साथ येईल तेव्हा आपल्या शहरात त्या उन्हाळ्यात नेमकं काय कमी पडलं होतं हे सांगणारा दुसरा कुठलाही कागद आपल्याकडं नसेल, आणि हॉल नाही मिळाला तर चार पुतळ्यापाशी मांडव टाकू.